बुधवारची किल्ली

सोमवार, ५ जानेवारी २०२६

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी वही लिहायला सांगितली आहे. रोज लिहा म्हणाल्या. रोज लिहिण्यासारखं माझ्या आयुष्यात काही घडत असतं तर मी प्यायलोच कशाला असतो? घडेल तेव्हा लिहीन.

आज नववा दिवस. शेवटचा पेग २७ डिसेंबरला, भरती होण्याआधी चार तास. काल घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "उपेंद्रराव, आता एक जरी घेतलात तर मला फोन करू नका. घरच्यांना सांगा, गुरुजींना करा." हल्लीचे डॉक्टर फार विनोदी झालेत. पण माझी बायको श्यामला हसली नाही, मग मीही हसलो नाही.

चोवीस वर्षं वजनमापं तपासण्याची नोकरी केली. किराणावाल्याचा काटा, पंपावरचं पेट्रोल, बारमधला पेग. साठ मिली मी नुसत्या नजरेनं सांगतो. या कौशल्याचा खात्याला झाला त्याहून जास्त उपयोग मलाच झाला. सध्या वैद्यकीय रजेवर आहे.

श्यामलाची अट एकच. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगा असतात, त्यातली एक शोधायची आणि तिथे टिकायचं. "तुम्हाला पटेल ती शोधा. पण शोधा. नाहीतर मी स्वरदाकडे पुण्याला जाते." स्वरदा आमची मुलगी. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे, मी पाहिली. घाबरलो आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

बुधवार, ७ जानेवारी

पहिली मीटिंग. नाशिक रोडला एका शाळेच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी सहाला. बसायला पहिलीतल्या पोरांची बाकं. गुडघे हनुवटीला लागतात. माणसं आठ, आणि सगळ्यांना माझ्याशी हात मिळवायचा होता.

मीटिंग चालवतो तो सहादू. शाळेचा शिपाई. खोलीची किल्ली त्याच्याकडे, म्हणून मीटिंगही त्याची. मूळचा घोटीकडचा, सोडून अकरा वर्षं झालीत. चहा बशीत ओतून असा भुरकतो की बोलणारा मध्येच थांबतो. मग त्यानं त्याची गोष्ट सांगितली.

"घोटीच्या बाजारात बैल इकायला गेलो. आधी गुत्त्यावर गेलो. उठलो तं सकाळ झालेली. हातात दावं हाय, बैल नाय. पळत घरी आलो तं बैल दारात उभा, आणि आमची चांगुणा त्याला भाकर चारती हाय. बैलाला घर ठावं होतं साहेब, मला नाय."

सगळे हसले. ज्या ठिकाणी हसले त्यावरून कळलं की सगळ्यांनी ही शंभरदा ऐकली आहे. मी काय काम करतो ते ऐकल्यावर त्यानं मला 'मापवाले साहेब' करून टाकलं. निघताना माझ्या फोनमध्ये स्वतःच स्वतःचा नंबर घातला. "प्यावंसं वाटलं की आधी मला फोन. मंग प्या. पण आधी फोन."

हे आपल्याला झेपणार नाही. उद्या दुसरी शोधतो.

रविवार, ११ जानेवारी

गंगापूर रोडची मीटिंग. वातानुकूलित खोली, फळ्यावर बाण काढलेले, सगळी तिशीतली मंडळी. एका मुलीनं मला 'अंकल' म्हणून पाण्याची बाटली दिली आणि माझ्या 'प्रवासा'बद्दल विचारलं. मी म्हटलं, रिक्षानं आलो. आगीतून फुफाट्यात.

शनिवार, १७ जानेवारी

सापडली! एकविसाव्या दिवशी का होईना.

नाशिक रोडवाल्यांनी दिलेल्या यादीत पंचवटीचा पत्ता होता: शनिवारी दुपारी चार, पहिला मजला. सिंहस्थाच्या कामासाठी सगळ्या गल्ल्या खणून ठेवल्यात. नेहमीची वाट बंद, म्हणून मागच्या बोळातून शिरलो. पत्त्यातली निळी कमान दिसेना, पण जिना होता आणि वर बोलणं ऐकू येत होतं. खाली दहाव्या-बाराव्यासाठी बाहेरगावाहून येणारे लोक उतरतात. खोल्या झाडणारी रंगूबाई पायरीवर बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोणाचं हाय?"

मीटिंग कोणाची, असं विचारते आहे असं वाटलं. म्हटलं, "माझंच." तिनं तोंडावर हात ठेवला आणि वाट दिली.

वर सहा माणसं गोलात बसली होती. शांत. कोणी हात मिळवायला आलं नाही, कोणी हसायला लावलं नाही. एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसलो. पांढरं धोतर नेसलेले त्र्यंबकराव बोलणं चालवत होते. मयुरेश नावाचा पंचविशीतला मुलगा म्हणाला, "मला आज सहा दिवस झाले." बाकीच्यांनी मान डोलावली. मी माझे एकवीस सांगणार, तर त्र्यंबकराव म्हणाले, "तुमचे अजून सुरू व्हायचेत." राग यायला हवा होता. आला नाही, कारण खरंच आहे. मी अजून मनानं सोडलेली नाही. माणूस जाणकार आहे.

मी विचारलं, इथे घसरतात का लोक? म्हणजे पुन्हा पितात का?

"आमच्याकडे कोणी घसरत नाही," ते म्हणाले.

तपासणीची सवय जात नाही म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. प्रत्येकाच्या पुढ्यात ग्लास होता. कोणाला चहा, कोणाला ताक, मयुरेशला लाल सरबत. तासाभरात एकाही ग्लासातली पातळी उतरली नाही. चहावरची साय तशीच अखंड. दुसरं, उंबऱ्यापाशी कोणीतरी पीठ पसरून ठेवलं होतं. निघताना पाहिलं, त्यावर येतानाचं एकच पाऊल होतं, माझ्या चपलेचं. बाकीचे माझ्या आधी आले असतील.

खाली जेसीबी चालू होता. वर तासभर त्याचा आवाज ऐकला नव्हता, हे रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

बुधवार, २१ जानेवारी

श्यामला खूश आहे. "पटली ना? झालं तर." आज नाशिक रोडला जायचं कारण उरलं नाही. सहादूचा फोन आला, म्हणाला तुमचं बाक मोकळं हाय. मी म्हटलं, मला दुसरी सापडली. "कुठली?" पंचवटीची. "कोण असतं तिथं?" त्र्यंबकराव.  "पंचवटीच्या समद्यांना वळखतो मी. त्र्यंबकराव नाय कोण तिथं."

मत्सर. पोटात दुखतंय त्याच्या, दुसरं काय!

शनिवार, २४ जानेवारी

रंगूबाईनं आज जिन्यात अडवलं. "काय आवडायचं?" तिनं विचारलं. इथली ही पद्धत बरी आहे, स्वागताला असं थेट विचारणं. मीही मोकळेपणानं सांगितलं, "दारू. साठचा पेग, पाणी बेतानं." कबुली द्यायला शिकलो आहे. तिनं "बरं" म्हटलं आणि तिचे डोळे भरून आले. साधी बाई.

मयुरेश आला नव्हता. विचारलं तर त्र्यंबकराव म्हणाले, "त्याचं झालं. बुधवारी, दहाव्याला. भाग्यवान."

दहा दिवसांत? मी थक्क झालो. "काहींचं दहाव्याला होतं," ते म्हणाले. "काहींचं होत नाही. मग आम्ही बसतो."

त्याच्या जागी सुमनबाई होत्या, पन्नाशीच्या. चार दिवस झालेल्या. त्या म्हणाल्या, घरातले सगळे रोज विचारतात, काय राहिलं तुझं, सांग, आम्ही करू. पण सांगायला गेलं की त्यांना ऐकू जात नाही. मला वाईट वाटलं. आमच्या घरीही असंच आहे, एकाच खोलीत राहून ऐकू जात नाही. तसं बोलूनही दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे प्रेमानं पाहिलं. इतक्या वर्षांत कोणी असं पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर श्यामला म्हणाली, "तुमचे हात किती गार पडलेत."

सोमवार, २६ जानेवारी

ड्राय डे. पूर्वी आदल्या दिवशी साठा करून ठेवायचो. आज सकाळपासून जीभ कोरडी. सहादूचे तीन फोन. घेतले नाहीत. त्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला: "साहेब, आजचा दिस वाईट असतो, मला ठावं हाय. निस्तं हां म्हना." म्हटलं नाही.

बुधवार, २८ जानेवारी

नाशिक रोडला गेलो नाही. थंडी आहे, हे कारण मीच स्वतःला मंजूर केलं. सात वाजून दहा मिनिटांनी सहादूचा फोन. वाजू दिला. बराच वेळ वाजला.

शनिवार, ३१ जानेवारी

पस्तिसावा दिवस. नीट लिहितो, जसं पंचनाम्यात लिहितात तसं. मी आज प्यायलेलो नाही आणि प्यायलेलो नव्हतो.

चारला वर गेलो. माझ्या खुर्चीपुढे आज पहिल्यांदा ग्लास होता. ती होती. साठ, पाणी बेतानं. वास खोलीभर.

त्र्यंबकराव बोलायचे थांबले. सगळेच थांबले. सहाही जण जरा पुढे वाकून बसले होते. मी म्हटलं, हे कोणी ठेवलं?  सुमनबाई म्हणाल्या, "घ्या. आम्हाला घेता येत नाही. तुम्हाला अजून येतं." त्र्यंबकराव म्हणाले, "इथे कोणाला काही होत नाही, उपेंद्रराव. जागा तुमचीच आहे. एवढं झालं की तुमचे दिवस सुरू."

माझा हात गेला. लपवून काय करू? ग्लास उचलला. मला ती हवी होती, श्यामलाहून, स्वरदाहून, जगण्याहून. ओठांपासून चार बोटं राहिली असतील.

"मापवाले साहेब."

दारात सहादू उभा. शाळेच्या खाकी शर्टात, पण अनवाणी. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच थांबला. मी चिडलो. माणसानं पाठलाग करावा तो किती!

"ठेवा ते," तो म्हणाला. "उठा. हितं बसू नका."

"तू कशाला आलास इथे?"

"मंग काय करू? फोन घेत नाय तुम्ही." मग त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पोरं पांगवावीत तसं. "यांचं तुम्ही ऐकू नका. यांची वाट चुकल्याली. तुम्हाला घर ठावं हाय." आणि जाता जाता, जणू त्याच कामासाठी आला होता तसं म्हणाला, "किल्ली पाण्याच्या टाकीच्या मागं हाय. खिळ्याला. बुधवारी कोण उघडंल खोली?"

मी ग्लास ठेवला. टेबलावर ओला गोल उमटला. मागे न बघता जिना उतरलो. तो पुढे गेला असेल असं वाटलं, पण बोळात नव्हता. वर पिठावर पाहायचं धाडस झालं नाही.

घरी श्यामलानं माझी बोटं हुंगली. म्हटलं, "हात लावला. तोंड नाही." तिनं बॅग पलंगाखालून काढून दाराशी ठेवली आहे.

रविवार, १ फेब्रुवारी

सकाळी नाशिक रोडच्या गटातल्या योगेशचा फोन. म्हणाला, तुम्हाला कोणी कळवलं नसेल. सहादूभाऊ गेले. बुधवारी मीटिंग संपली, कुलूप लावलं, किल्ली कुठेतरी ठेवून शाळेच्या पायरीवर बसले. कोणाला तरी फोन लावत होते. फोन कानालाच होता, असं रखवालदार म्हणतो.

किती वाजता, विचारलं.

सव्वासातच्या सुमाराला.

पूर्वी असं काही झालं असतं तर दारूवर ढकलून मोकळा झालो असतो. आता ती सोयही राहिली नाही. दिवसभर अंथरुणात पडून होतो. श्यामलाला सगळं सांगितलं, ग्लासासकट, सहादूसकट. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पंचवटीला पुन्हा जायचं नाही." आणि माझ्यासाठी खिचडी टाकली. बॅग दाराशीच आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

नाशिक रोडला गेलो, साडेपाचलाच. सगळे खोलीबाहेर उभे. खोलीची एकच किल्ली आणि ती कुठे ठेवायचा ते कोणालाच माहीत नाही. हेडबाई म्हणतात, कुलूप तोडायचं तर रीतसर अर्ज करा. एक जण म्हणाला, जाऊ द्या, बंदच करू काही दिवस. दुसऱ्याला वाटलं, आता कुठे एकत्र यायचं. जो तो खिशात हात घालून पांगला. त्यातल्या एकाची नजर मी ओळखतो. तो घरी जाणार नव्हता.

पाण्याची टाकी माझ्या पाठीशी होती. दहा पावलांवर. मी मागे वळून पाहिलं नाही.

किल्ली तिथे नसेल तर मी भ्रमिष्ट. आणि असेल तर? असेल तर शनिवारी दारात कोण उभं होतं, हे मला मान्य करावं लागेल. आणि ते बाकीचे सहा जण कोण, तेही. मी भित्रा आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सहादूचा दहावा. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, सकाळी. घोटीकडची पन्नासएक माणसं, नाशिक रोडचा गट, मी आणि श्यामला. ती स्वतःहून आली.

पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर ओळीनं बसलेले, एकही खाली येईना. माझ्या वडिलांच्या वेळी मी पिंडावर शेव टाकली होती आणि कावळा लगेच आला होता, हे मी कितीदा चेष्टेनं सांगितलं आहे. आज शेव होती, भजी होती, त्याला आवडणारी बर्फी होती. अर्धा तास गेला. लोक एकेक करून पुढे होऊन बोलायला लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, आईला अंतर देणार नाय." भाऊ म्हणाला, "बांधाचं भांडण मिटवतो." कावळे हलेनात. चुलते म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावा आता.

चांगुणाबाई बसूनच होत्या. सहादूची बायको, बैलाला भाकर चारणारी तीच ही. त्या म्हणाल्या, "त्यांचा जीव घरात नाय गुतला. ते त्या कोण मापवाल्या साहेबांचं बोलत व्हते. फोन घेत नाय म्हनून जेवले नव्हते त्या दिशी."

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मी मागे होतो. श्यामलानं माझ्या पाठीवर हात ठेवला, ढकलला असंही म्हणता येईल.

पुढे गेलो. पन्नास माणसांत काय बोलायचं?  म्हटलं, "सहादू, फोन घेतला नाही. चुकलं माझं." झाडाकडे पाहिलं. काही नाही. मग रडूच आलं, आणि जे सहा दिवस गिळून बसलो होतो ते बाहेर पडलं. "किल्ली टाकीच्या मागे आहे, मला माहीत आहे. बुधवारी खोली मी उघडीन. दर बुधवारी."

वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. एक कावळा उतरला, पिंडावर चोच मारली आणि पुलाच्या दिशेनं उडून गेला. चांगुणाबाईंनी हात जोडले. योगेश माझ्याकडे बघत होता, किल्लीचं मला कोणी सांगितलं हे विचारावं की नाही, असा. 

परतताना रंगूबाई दिसली, घाटावर ग्लास विसळत होती. मला बघून उठली. "उरकलं का तुमच्या माणसाचं?" मी विचारलं, वरच्या खोलीत शनिवारी कोण बसतं? "कोण बसंल?" ती म्हणाली. "दहा दिस ज्याला जे आवडायचं ते घरचे देतात, मी वर दिव्यापाशी ठेवते. तुम्ही म्हणला माझंच हाय, म्हणून तुमच्याबी माणसाचं ठेवलं." श्यामलानं माझा हात घट्ट धरला. 

खरी पंचवटीची मीटिंग पलीकडच्या गल्लीत भरते. निळी कमान येताना दिसली.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सेहेचाळिसावा दिवस.

साडेपाचला शाळेत पोचलो. टाकीच्या मागे हात घातला. खिळा होता. किल्ली होती, गार, सुतळीच्या तुकड्याला बांधलेली. बराच वेळ हातात धरून उभा राहिलो.

खोली उघडली, झाडली, बाकं लावली. चहा सांगितला. सहा वाजले, कोणी नाही. सहा दहा, नाही. मेसेज सगळ्यांना केला होता, पण गेल्या बुधवारनंतर कोणाचा विश्वास उरला असेल? एकटाच बसलो होतो, गुडघे हनुवटीला लावून.

सहा वीसला एक माणूस दारात आला. अनोळखी. चाळिशीचा, दाढी वाढलेली, चेहरा पांढराफटक. आत यावं की नाही अशा विचारात. "इथेच असते का ती मीटिंग?" आवाज इतका बारीक की बाहेरच्या रिक्षाच्या घरघरीत बुडाला.

"इथेच. या." हात पुढे केला नाही. खरं सांगतो, हिंमत झाली नाही. तो समोरच्या बाकावर बसला. मी चहाचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला. किती दिवस झाले ते विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते उत्तर ऐकायचं नव्हतं.

मग काय बोलायचं सुचेना, म्हणून सांगायला लागलो. "आमचा एक मित्र होता. घोटीच्या बाजारात बैल विकायला गेला. आधी गुत्त्यावर गेला."

सांगत होतो आणि डोळे त्याच्या ग्लासावर होते. साय धरली होती. बैल दारात आला, चांगुणाबाई भाकर चारायला लागल्या, तरी ग्लास तसाच.  "बैलाला घर ठाऊक होतं," मी म्हटलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

तो हसला. ग्लास उचलला, साय बोटानं बाजूला केली आणि मोठ्यानं भुरका मारला. "मला तीन दिवस झाले," तो म्हणाला. "लई अवघड आहे हो."

त्यानं ग्लास खाली ठेवला. मी नीट पाहिलं. चहा दोन बोटं कमी झाला होता.